जॅझ ऐकताना डोळ्यांत कधी धूळ गेली का? (अनुभव धागा)

धागाकर्ती, लक्ष्मीनगर

मंडळी, आधीच सांगून टाकते, मला जॅझमधलं काही कळत नाही. माझं ऐकणं म्हणजे सकाळचा रेडिओ, दिवाळी पहाट आणि देशपांडे सभागृहात वर्षाकाठी दोन-तीन नाट्यसंगीताच्या मैफली. तरी हा धागा मीच काढतेय. मार्चच्या शेवटच्या शनिवारी जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाहीये. घरी सांगून पाहिलं, तिथे "बरं, चहा टाक" एवढ्यावर विषय संपला.

सिव्हिल लाईन्समधल्या एका छोट्या सभागृहात चार पोरांचा कार्यक्रम होता. भाचीकडे दोन पास होते, तिची मैत्रीण ऐनवेळी आली नाही, म्हणून माझी वर्णी लागली. शे-सव्वाशे खुर्च्या, त्यातल्या निम्म्या रिकाम्या. मंचावर ड्रम, कीबोर्ड, माणसाहून उंच डबल बास आणि सॅक्सोफोन घेतलेली एक मुलगी. वीस-एकवीसची असेल. पायात कोल्हापुरी, केसांना क्लचर. बर्डीवर खरेदीला निघालेली कोणाची तरी लेक म्हणून खपली असती.

सॅक्सोफोनच्या तोंडाशी एक पातळ पट्टी असते हे मला त्या दिवशीच कळलं. बोरूसारख्या गवताची असते, रीड म्हणतात. ती ओली असावी लागते. आता नागपूरचा मार्च आणि ओलं राहणं! अंगणात टाकलेला टॉवेल इथे दहा मिनिटांत पापड होतो. तिसऱ्या गाण्यात ती मुलगी डोळे मिटून वाजवत होती, सूर वर वर चालला होता, आणि एकदम "क्वीऽऽक". कुत्र्याच्या पिल्लाच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज. मागच्या रांगेतली पोरं फिस्सकन हसली.

मुलगी थांबली. तीही हसली. पण बास आणि ड्रम थांबलेच नाहीत, त्यांनी तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिने चपट्या डबीतून दुसरी रीड काढली, सुईत ओवण्याआधी आपण दोरा ओठांत धरतो तशी धरली, स्क्रू सैल केले, जुनी काढली, नवी बसवली. एवढ्या वेळात बासवाल्या मुलाने, जणू पाळी त्याचीच होती, स्वतःचं काहीतरी सुरू केलं होतं. ती तयार झाली तरी मध्ये घुसली नाही. त्याची फेरी पूर्ण होऊ दिली. आणि आली ती त्याच "क्वीक"ने. या वेळी मुद्दाम. कीबोर्डवाल्याने तोच आवाज वरच्या पट्टीत परत केला. तिने तो जरा वाकवून पुन्हा दिला. पाच मिनिटांत त्या चुकीचं गाणं झालं.

आणि मला रडू आलं. हुंदकाच. शेजारच्या काकांनी विचारलं, "काय झालं जी?" म्हटलं, धूळ.

सातवीत गॅदरिंगला माझा आवाज फाटला होता. मंचावरून उतरले ती उतरलेच. पुढे चौतीस वर्षं बँकेत काढली, तिथे तर खोडाखोड केली की बाजूला सही करावी लागते. चुकीचं असंही काही करता येतं हे मी अठ्ठावन्नाव्या वर्षी पाहिलं.

तर तुमचे अनुभव लिहा. तरुण पोरं समोर जॅझ वाजवत होती आणि तुम्हाला काय झालं. जॅझ कळतो की नाही हे कोणी विचारणार नाही. एकच विनंती, "एवढ्या लहान वयात केवढं!" छापाचं कौतुक नको. बालीत जन्मलेला जोई अलेक्झांडर 2016 मध्ये बाराव्या वर्षी ग्रॅमीच्या मंचावर पियानो वाजवून गेला, ते सगळं फोनवर सापडतं. तुमच्या पोटात काय झालं ते फोनवर सापडत नाही.

धा_तिरकिट

ताई, मी तिथंच होतो. मागे हसणाऱ्या पोट्ट्यांत मी होतो. माफी.

मी सहा वर्षांपासून तबला शिकून राहिलो. त्यामुळे माझा त्रास वेगळा. मला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सापडत नव्हती. पहिल्या दोन गाण्यांना बोटं मोजून मोजून थकलो. लोक मध्येच टाळ्या देऊन राहिले, गाणं संपलं म्हणून मीही दिल्या, तर गाणं चालूच. नंतर कळलं, तिथं प्रत्येकाचा सोलो संपला की टाळी द्यायची रीत आहे. म्हणजे जुगलबंदीत एकाची बाजू झाली की आपण देतो तसंच.

तिसरी चीज, म्हणजे ताईंची ती क्वीकवाली, ब्लूज होती, म्हणजे जॅझवाल्यांचा एक ठरलेला साचा. ती सापडली. बारा घरं, प्रत्येक घरात चार मात्रा. अठ्ठेचाळीस. अबे, ही तर आपल्या बारा मात्रांच्या एकतालाची चार आवर्तनं! एकदा हे डोक्यात बसलं अन् मग कोणी काही वाजवो, मी घरात होतो. ताई लिहितात की त्या मुलीने बासवाल्याची फेरी पूर्ण होऊ दिली, ती फेरी म्हणजे हीच. तिला मध्ये येता आलं असतं. आली नाही. आपल्याकडं याला तमीज म्हणतात.

दुसरी गंमत सांगतो. आपले लोक ठेका धरून टाळ्या वाजवायला लागले, पण पहिल्या अन् तिसऱ्या मात्रेवर. आपला हात समेवरच जातो ना. जॅझमध्ये टाळी दुसऱ्या अन् चौथ्यावर. ड्रमवाला पोरगा हसत हसत मान हलवून दाखवत होता, इथं नाही, इथं. अर्ध्या सभागृहानं बदललं, अर्ध्यानं नाही. दोन मिनिटं नुसता पाऊस पडून राहिला.

मला काय झालं ते शेवटच्या गाण्यात झालं. सॅक्सोफोन अन् ड्रमचं चार-चार घरांचं देणंघेणं चाललं होतं. चार ती, चार तो. सवालजवाबच, फक्त इथं जवाबानं सवालासारखं असायची सक्ती नाही. ड्रमवाल्यानं शेवटच्या चारांत जोरदार भरलं, आता समेवर धाडकन येणार म्हणून मी हात वर उचलला, अन् पोरानं समेवर काहीच वाजवलं नाही. हात हवेत थांबवला. पूर्ण एक मात्रा रिकामी. मग सगळे आत. माझ्या तोंडून "आहा" निघून गेलं, एकट्याचंच, मोठ्यानं. त्यानं वर बघितलं. अंगावर काटा म्हणतात तो माझ्या टाळूवर आला होता. टाळूवर येतो हे माहीत नव्हतं.

आमचे गुरुजी असं केलं की म्हणतात, "सम खाल्ली!" अन् डग्ग्यावर हातोडी आपटतात. त्यांना अजून सांगितलं नाही.

तर्रीवाला

मले तं काहीच झालं नाही बाप्पा. बायको घेऊन गेली होती म्हणून गेलो. चार जण चार दिशेले चालले होते. एक जिना चढून राहिला, एक उतरून राहिला, ड्रमवाला भांडे घासून राहिला. मी मोबाईलवर स्कोर पाहत बसलो. बाहेर निघून पोहे खाल्ले, ते चांगले होते.

धागाकर्ती

हेही चालेल. काही न होणं हाही अनुभवच. पण घरच्यांना काय झालं ते लिहा की.

तर्रीवाला

ते मुलीले विचारा. तिनं यूट्यूबवर तेच लावून ठेवलं तीन दिवस.

धरमपेठची_मावशी

मी ऐकलं ते इथे नाही, बॉस्टनला. लेक तिथे नोकरीला आहे. मागच्या ऑक्टोबरात गेले होते. एका रात्री म्हणाली, "आई, चल, तुला एक जागा दाखवते." मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यूवर वॉलीज नावाचा एक अड्डा आहे. बार्बाडोसहून आलेल्या जोसेफ वॉलकॉट नावाच्या गृहस्थांनी 1947 मध्ये काढलेला. बर्कली नावाचं संगीताचं कॉलेज जवळच, तिथली पोरं येऊन वाजवतात. मला वाटलं सभागृह असेल. कसलं सभागृह, आपल्या धरमपेठेतलं कापडाचं दुकानही मोठं असतं. लांबट चिंचोळी खोली, आणि मंच म्हणजे खोलीचंच एक टोक. मी साडीखाली स्पोर्ट्स शूज घातलेले, स्वेटर, हातात संत्र्याचा रस. लेकीने बिअर मागवली, मी पाहिलं नाही असं केलं.

ट्रम्पेटवाला मुलगा माझ्यापासून पाच फुटांवर. बावीसचा असेल नसेल. सगळ्यांनी मिळून एक चाल वाजवली, साधी, मला लगेच पाठ झाली. मग बाकीचे मागे सरले आणि हा एकटा निघाला. आधी त्या चालीच्या आसपासच होता. मग दूर. मग आणखी दूर. मला चाल कुठेच दिसेना. आणि मला भीती वाटायला लागली हो! खरीखुरी. तळहाताला घाम. अंबाझरीत पोर पोहायला उतरलंय आणि आपण काठावर उभं राहून त्याचं डोकं शोधतोय, तसं झालं. मनात म्हणत होते, अरे बाळा, फिर आता मागे, एवढं लांब नको जाऊस. त्याच्या कपाळावरची शीर टरारली होती. गाल लाल. पियानोवाली मुलगी मात्र निवांत, अधूनमधून दोन सूर टाकायची. अंधारात कोणी घर शोधत असेल तर आपण ओसरीवरचा दिवा लावतो ना, तसे.

आणि मग कुठूनसा तो त्या पहिल्या चालीच्या शेवटच्या तुकड्यावर बरोब्बर येऊन पडला. आणि मी ओरडले, "आला गं बाई!"

मराठीत. मोठ्याने. त्या गर्दीत. सगळे वळले. लेक टेबलाखाली जायची बाकी होती. त्या पोराने ट्रम्पेट छातीशी धरून मला मान लववली. मग वाद्याच्या खालची किल्ली दाबून त्यातलं पाणी जमिनीवर सोडलं आणि बाजूला जाऊन उभा राहिला. ते पाणी पाहून का कोण जाणे मला बरं वाटलं. केवढी वाफ आत दवडली होती पोराने.

घरी येताना लेक म्हणाली, "मी एकटी इकडे आले तेव्हा तुला असंच झालं होतं का?" मी म्हटलं, थंडी वाढली आहे, लवकर चल.

मोहननगरवाला

माझं वय 74. आमचे पप्पा रेल्वेत होते आणि ट्रम्पेट वाजवायचे. ख्रिसमसला, लग्नांत, रेल्वे इन्स्टिट्यूटमधल्या नाचाच्या रात्रींना. त्या काळात गोव्याची मंडळी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायची आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायची. चिक चॉकलेट हे त्यातलं मोठं नाव, सी. रामचंद्रांच्या गाण्यांतली ट्रम्पेट ऐका म्हणजे कळेल. पप्पा त्यांच्या रेकॉर्डी लावून तसंच वाजवायला बघायचे. जमायचं नाही, मग मम्मीवर चिडायचे.

दोन वर्षांमागे डिसेंबरात सदरमध्ये एका चर्चच्या आवारात तरुण पोरांचा बँड होता. कॅरोल्सच, पण मधल्या भागात जॅझसारखं सोडून वाजवत होते. मी पहिल्या रांगेत. ट्रम्पेटवाल्या पोराने दोन गाण्यांच्या मध्ये खिशातून छोटी बाटली काढून वाद्याच्या बटणांत तेलाचे थेंब सोडले. आणि तो वास आला. व्हॉल्व्हचं तेल. पन्नास वर्षांत मी तो वास घेतला नव्हता. पप्पांच्या कपाटाचा वास. पुढची दोन गाणी मी ऐकलीच नाहीत, नुसता बसून होतो. फोनवर कितीही ऐका, हा वास येत नाही.

कार्यक्रम संपल्यावर त्या पोराला म्हटलं, माझ्याकडे जुनं ट्रम्पेट आहे, नेऊन वाजव. दुसऱ्या दिवशी आला. बघितलं, बटणं दाबली. म्हणाला, "अंकल, याचे व्हॉल्व्ह जाम झालेत, मुंबईला पाठवावं लागेल, खर्च परवडणार नाही." मग चहा आणि केक खाऊन गेला. तेलाची बाटली मात्र ठेवून गेला.

रंगभवन_78

पेशाने डॉक्टर. 1978 मध्ये मुंबईत जॅझ यात्रा हा महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा मी तिथे एमबीबीएसला होतो. धोबीतलावच्या उघड्या रंगभवनात अमेरिकेचे सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स ऐकले. तेव्हा मंचावरचे थोर आणि मी पोरगा. आता उलट झालंय. मंचावर नातवाच्या वयाची मुलं आणि मी खुर्चीत उशी घेऊन. फरक असा की तेव्हा मला वाटायचं, हे देव आहेत, हे चुकत नाहीत. आता या मुलांकडे बघताना दर मिनिटाला वाटतं, आता चुकेल.

धंद्याची सवय म्हणून दोन गोष्टी सांगतो. धा_तिरकिट यांच्या टाळूवरच्या काट्याबद्दल 2011 मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून संशोधन आलं होतं. आवडीच्या संगीतात काटा येतो त्या क्षणी मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन सुटतं, आणि तो क्षण येण्याआधी, नुसती वाट बघतानाही सुटतं, पण मेंदूच्या वेगळ्या भागात. म्हणजे हवेत थांबलेला तो हात! दुसरं 2008 चं. अमेरिकेत सहा जॅझ पियानोवादकांना एमआरआयच्या बोगद्यात झोपवून छोट्या कीबोर्डवर आयत्या वेळचं वाजवायला लावलं. स्वतःवर पाळत ठेवणारा, चुका काढणारा मेंदूचा भाग त्या वेळी मंदावलेला दिसला. धागाकर्तीताई, तुमचा बँकेतला भाग तो हाच.

जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक एक किस्सा सांगतात. तरुणपणी ते थोर ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये होते. श्टुटगार्टच्या कार्यक्रमात त्यांच्या हातून साफ चुकीचा कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले सूर, पडला. माइल्स क्षणभर थांबला आणि त्याने असे सूर वाजवले की तो कॉर्ड बरोबर ठरला. हॅनकॉक म्हणतात, मी त्याला चूक समजलो, माइल्सने ती चूक मानलीच नाही. ताई, तुम्हाला हे सिव्हिल लाईन्समध्ये पाहायला मिळालं.

पहाटे_पाच

समोर बसून ऐकलेलं नाही, चालेल का? चाललं नाही तर काढून टाका.

2020 मध्ये सगळं बंद झालं तेव्हा एमेट कोहेन हा तरुण पियानोवादक न्यूयॉर्कमध्ये, हार्लेममधल्या आपल्या घरातून थेट कार्यक्रम करायला लागला. तिथल्या सोमवारी संध्याकाळी. आपल्याकडे मंगळवारी पहाटे पाच. साधा फ्लॅट, पियानो, ड्रम, बास एकमेकांना चिकटून. कोणीतरी मागे हसायचं, ग्लास वाजायचा.

एप्रिल 2021 मध्ये नागपूर कसं होतं ते इथल्यांना सांगायला नको. बाबा भरती होते. आत सोडत नव्हते. सकाळी सहाच्या सुमाराला वॉर्डातून फोन यायचा, ऑक्सिजन किती ते सांगायला. चारपासून जाग. चार ते सहा हा वेळ कसा काढायचा हा प्रश्न होता. दोन मंगळवार मी कानात हेडफोन घालून गच्चीवर बसून ते ऐकलं. खाली रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स आणि कानात ही पोरं एकमेकांकडे बघून हसतायत. मला त्यांचा रागही येत नव्हता. खोलीत चार माणसं जवळजवळ बसली आहेत, एवढंच बघत होते.

तिसऱ्या मंगळवारी लावलं नाही, गरज नव्हती. अजून मंगळवारी पाचला जाग येते.

धागाकर्ती

काढत नाही. राहू द्या.

लंडन_व्हाया_कामठी

मी एकदम उलटं लिहितो. रडलो वगैरे नाही, नाचलो. लंडनला एमएससी करत होतो. एझरा कलेक्टिव्ह ही तिथल्या पोरांची मंडळी, 2023 मध्ये त्यांना तिथला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला, जॅझवाल्यांना तो पहिल्यांदाच. 2024 च्या नोव्हेंबरात त्यांनी वेम्ब्ली अरीनात कार्यक्रम केला. ड्रमवर एक भाऊ, बासवर दुसरा. ही पोरं टुमॉरोज वॉरियर्स नावाच्या संस्थेत तयार झाली, तिथं मुलांना संगीत फुकट शिकवतात.

मी समजत होतो जॅझ म्हणजे मंद दिवे आणि गप्प बसणं. इथं हजारो लोक उड्या मारत होते. आमच्याकडं गणपती विसर्जनाला संदल-ढोलसमोर होतं तेच. मी कामठीचा, मला नाचायचं शिकवावं लागत नाही. शेजारी एक आजी होती, सत्तरीची, तिनं माझा हात धरून उंच केला. परत येताना ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या मेट्रोत, घाम वाळत होता आणि घरची आठवण आली नाही. दीड वर्षात पहिली रात्र. एवढंच.

आठ_बाय_दहा

वाचत होतो चार दिवसांपासून. लिहावं की नाही कळत नव्हतं.

मुलगा नववीत असताना ड्रमसेट घेऊन दिला. मनीषनगरला आमचा फ्लॅट, त्याची खोली आठ बाय दहा. सेट ठेवल्यावर खाट उभी करावी लागायची. खालच्यांची तक्रार, वरच्यांची तक्रार. भिंतीला गाद्या लावल्या, उपयोग नाही. मी रोज ऑफिसातून आलो की जिन्यातूनच ओरडायचो, "हळू!" घरात माझा आणि त्याचा एवढाच संवाद होता म्हणा ना. बारावीला सेट आवरून ठेवला. नंतर विकला. त्याने काही म्हटलं नाही.

इंजिनिअर झाला, पुण्याला नोकरी लागली. वाजवतो हे त्याच्या आईला माहीत होतं, मला नव्हतं. गेल्या पावसाळ्यात पुण्याला लग्नाला गेलो होतो, हिने पत्ता दिला. कोरेगाव पार्कातला एक कॅफे. मी मागे खांबाच्या आडोशाला बसलो. दोनशे ऐंशी रुपयांची कॉफी.

मनात धरून बसलो होतो की आता दणकावणार. त्याच्या हातात काठ्या नव्हत्याच. तारांचे कुंचले असतात, ब्रश म्हणतात. ते त्याने ड्रमच्या कातड्यावर नुसते गोल गोल फिरवले. परातीत भाकरी थापायच्या आधी पिठावरून हात फिरतो तसे. आवाज कसा, तर सुपात तांदूळ घोळवल्यासारखा. बाजूच्या टेबलावरचा चमचा त्यापेक्षा मोठ्याने वाजत होता. एक मुलगी गात होती, तिच्या श्वासाच्या खाली हा. तासभर. ऐकू यावं म्हणून मी पुढे वाकून बसलो होतो. कानामागे हात धरून.

मी. त्याला ऐकू यावं म्हणून.

मला रडू वगैरे आलं नाही. घसा दुखायला लागला, टॉन्सिल्स आल्यासारखा. कार्यक्रम संपला तसा तो वायरी गुंडाळत होता, त्याला मी दिसलो. आला. घामाचा टी-शर्ट. म्हणाला, "पार्किंग मिळालं का?" म्हटलं, रिक्षाने आलो. म्हणाला, "सोडतो." गाडीत मागच्या सीटवर ड्रम होते म्हणून मला मांडीवर झांज घेऊन बसावं लागलं. ती खड्ड्यांत वाजत होती. मी तळहात ठेवून धरून ठेवली.

धा_तिरकिट

काका, ती ज्यावर सतत ठेका चालतो ती झांज म्हणजे राइड. ती ते लोक कोणाच्या हातात देत नाहीत.

आठ_बाय_दहा

माहीत नव्हतं.

तिसरीतल्याची_आई

धागाकर्तीताई, मीही त्या शनिवारी होते. पहिल्या रांगेत डाव्या हाताला, सोबत आठ वर्षांचा मुलगा. घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणून आणला होता, पहिली दोन गाणी तो खुर्चीखाली होता.

ते "क्वीक" झालं आणि तो खुर्चीखालून बाहेर आला. मला म्हणाला, "तिचं बिघडलं." मग सगळा वेळ तोंड उघडं ठेवून बघत राहिला. मला काय झालं विचाराल तर मी मंचाकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत होते. शाळेत वाचताना अडखळतो. वर्गात हसतात, मग तो पुस्तक मिटून ठेवतो. त्यामुळे मागे मुलं हसली तेव्हा मी त्याचा हात घट्ट धरला होता. ती मुलगी पुन्हा त्याच आवाजाने आत आली तसा त्याने हात सोडवून घेतला.

कार्यक्रम संपल्यावर थेट मंचावर चढला. मी मागे धावले. तो तिला विचारत होता, "बिघडलेलं कुठं आहे?" तिने डबी उघडून ती चिरलेली रीड दाखवली. टोकाला केसाएवढी चीर. तो हात पुढे करून उभाच. तिने दिली. म्हणाली, "तोंडात घालू नकोस हं, माझी थुंकी आहे." घरी येऊन पहिलं काम तेच केलं.

तेव्हापासून ती कंपासपेटीत आहे, करकटक आणि खोडरबराच्या मध्ये. काल बाईंनी विचारलं म्हणे, हे काय आणलंस, आईस्क्रीमची काडी? तर याने तिथेच, वर्गात उभं राहून, ती ओठांत धरून फुंकली. नुसती फुंकून वाजत नाही ती, त्याला वाद्य लागतं. म्हणून आवाज त्याने स्वतःच काढला.